उभ्या सोयाबीनचं राजकारण

सोयाबीन वाळलं की बोलायला लागतं. हिरवं असतं तोवर मुकं. भादवा सरता सरता पानं पिवळी पडतात, गळून जातात, आणि नुसत्या काड्यांवर शेंगा उरतात, राखट तपकिरी, अंगावर बारीक लव असलेल्या. सकाळी दवात त्या गप्प असतात. ऊन वर चढलं, थोडा वारा सुटला, की सगळं वावर खुळखुळतं. दूर कोणीतरी चाळणीत काहीतरी चाळून राह्यलं असा तो आवाज. तो कानावर आला की शहाणा माणूस इळा शोधतो. चार दिवस उशीर झाला तर शेंग तडकते, दाणा भुईवर सांडतो, आणि मग ते पीक कोंबड्यांचं होतं. मधेच पाणी आलं तर त्याच शेंगेत दाण्याला कोंब फुटतात, आणि ते कोंबड्यांच्याही कामाचं राहत नाही.

काल वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होतो आणि तो आवाज आला. घरी जाताना गजाननच्या टपरीवर थांबलो तर तिथंही तेच खुळखुळणं. भांडवलशाही, अनुदान, मोठ्या कंपन्या, फुकट धान्य, सरकारची रिकामी तिजोरी. निवडणूक जवळ आली की टपरीवरची माणसं अशीच वाळतात आणि जराशा वाऱ्यानं वाजायला लागतात. मी चहा घेतला, पण मन तिथं नव्हतं. मला दोनेक वर्षांमागचा हंगाम दिसत होता. माझं सोयाबीन उभं होतं, गावात इळे होते, इळे धरणारे हात होते, आणि माझ्या वावरात कोणी पाय ठेवत नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. शाळेनं मला काढलं असं गावात म्हणतात, पण खरं म्हणजे मी शाळा सोडली, आणि त्यात माझं काही नुकसान झालेलं मला तरी दिसत नाही. शाळेचं झालं असेल. पेपर रोज वाचतो, जाहिरातींसकट वाचतो, म्हणून मला मत आहे. ज्याला मत नाही त्यानं टपरीवर येऊ नये. नुसता चहा प्यायला घर असतं.

माझ्या मताला विरोध करायचं काम उत्तमरावाकडे आहे. आम्ही एका वर्गातले. तो पुढे शिकला आणि एसटीत कंडक्टर झाला. नोकरी संपून जमाना झाला तरी चर्चा तुंबली की तो अजून हात हलवून म्हणतो, "चला, पुढं सरका." त्यांच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वाचन चालतं. तिथं तो जातो, ऐकतो, आणि सोमवारी ते सगळं माझ्या अंगावर आणतो. बिनवाचलेल्या माणसाला हरवणं सोपं असतं. उत्तमनं मला तो आनंद कधी दिला नाही, त्या हंगामातही नाही.

"बापू, सरकार मंजे काय? सगळ्याईचा गल्ला. ज्याले कमी पडलं त्याले त्यातून द्याव. यात फुकट काय आलं?"

"कमी काहून पडते? काम करत नाई म्हणून पडते."

"असं काय? मंग तुमच्या सोयाबीनले दर साली भाव कमी पडते. सोयाबीन काम करत नाई काय?"

टपरी हसली. गजानन तर चहा गाळायचा थांबून हसला. मी शांतपणे समजावून सांगितलं. सोयाबीनला हमीभाव मिळाला पाहिजे, खतावर सूट पाहिजे, पंपाचं बिल माफ झालं पाहिजे, पीकविमा वेळेवर आला पाहिजे, हे सगळं हक्काचं. आणि दर महिन्याला धान्य वाटणं, बायांच्या खात्यात पैसे टाकणं, हे फुकटचं. इतका साधा फरक आहे. चौथी शिकलेल्या माणसाला कळतो, आणि पुस्तकं वाचणाऱ्याला कळत नाही.

"मंजे तुमच्या घरी आलं तो हक्क, अन् बाजूच्या घरी गेलं ते फुकट," उत्तम म्हणाला.

"बरोबर समजला तू," मी म्हणालो. मला वाटलं त्याला पटलं.

त्याच दिवसांत पुण्याहून रमेशचा फोन आला होता. रमेश माझा मुलगा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीनं सांगितलं की मागणी नाही, कंत्राटी माणसांनी घरी बसावं. तो घरी बसला नाही, पाठीवर मोठं दप्तर घेऊन लोकांच्या दारी पार्सलं पोचवायला लागला. ही गोष्ट मी टपरीवर सांगितली नाही. पण बातमीला पाय असतात. उत्तमला कळली होती, आणि तरी त्यानं ती कधी माझ्याविरुद्ध वापरली नाही. त्या गोष्टीचा मला त्याच्या सगळ्या वादांपेक्षा जास्त राग येत असे.

नवरात्र होतं. झेंडूचा आणि उदाचा वास गल्लीबोळात भरला होता, आणि त्यातच कुठं कुठं कापलेल्या सोयाबीनचा कोरडा, नाकात गुदगुल्या करणारा वास. देवीच्या मंडळानं त्या वर्षी नवे भोंगे घेतले होते. आरती सगळ्या गावाला ऐकू जावी म्हणून गल्लोगल्ली टांगले होते. मंडळाच्या कोणीतरी टूम काढली की आरतीच्या आधी रोज एका विषयावर गावातल्या माणसानं बोलायचं. मला विषय दिला, देशाची अर्थव्यवस्था.

मी माईक धरला. माईकची आणि माझी तशी गरज जुळत नाही. माझा आवाज मुळातच पलीकडच्या वावरात जातो. पण दिला म्हणून धरला. मी म्हणालो की बाजाराला त्याच्या मनानं चालू द्या. मेहनत करणाऱ्याला बाजार उपाशी ठेवत नाही. हे फुकट वाटप बंद करा, एका झटक्यात बंद करा. घरबसल्या मिळायला लागलं तर वावरात कोण येईल? बाया आळशी होऊन राहिल्या, मी बोललो, आणि मला टाळ्यांची अपेक्षा होती.

टाळ्या आल्या नाहीत. मंडपात माणसं होती ती जमिनीकडे पाहत होती. देवीपुढं बसलेली एक म्हातारी उठली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. घरी आलो तर रमेशच्या मायनं ताट वाढलं. नंतर एवढंच म्हणाली, "एक भोंगा कांताबाईच्या दारातल्या कडूलिंबावर हाये. तुमाले माईत होतं का?"

कांताबाई म्हणजे गावातल्या सोंगणीच्या, पीक कापणाऱ्या, टोळीची मुकादम. तिच्या हाताखाली बाया. एकराप्रमाणे गुत्तं घेते, बायांना पाती, म्हणजे कापायच्या ओळी, पाडून देते, दिवस मावळायच्या आत वावर मोकळं करते. गावात टोळी ती एकच.

सकाळी तिच्याकडे गेलो. ती दारात बसून इळ्याला धार लावत होती. मला पाहून उठली नाही, पण बाज पुढं सरकवली.

"या बापू. चा मांडू का? फुकट हाये बरं, चालन न तुमाले?"

मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "उद्या सोंगणीले येजो. चार एकर उभं हाये."

"येऊ न. भाव?"

"मागच्या सालचा."

"मागच्या साली बाजार कोणी सोडला होता? आता तुमीच सांगतलं, त्याले त्याच्या मनानं चालू द्या. बाजार मंते, दीडपट."

"कोणता बाजार?"

"मी," कांताबाई म्हणाली, आणि इळ्याची धार अंगठ्यानं चाचपून पाहिली.

माझा पारा चढला. ही सरळ लूट होती. गरजवंताची अडचण पाहून भाव वाढवायचा म्हणजे काय? मी तिथंच बोललो की असं असेल तर मजुरीचा दर सरकारनं बांधून दिला पाहिजे, म्हणजे कोणाची मनमानी चालणार नाही.

कांताबाईनं कुडाकडे तोंड करून हाक मारली. "ओ सुलोचना! बाहीर ये वो. बापू सरकारले बलावून राह्यले!"

कुडापलीकडून जे हसू आलं ते एकट्या सुलोचनाचं नव्हतं. तिथं निम्मी टोळी बसलेली असावी.

हसून झाल्यावर कांताबाईनं इळा खाली ठेवला. "आता खरं सांगू? तुमी तिप्पट देल्ले तरी आमी येऊ शकत नाई. कापाकापी चालू हाये."

"कोणाच्या वावरात?"

"वावरात नाई, रेशनात. सरकारनं म्हटलं, खरे कोण अन् खोटे कोण ते तपासाचं. सगळ्याईनं आंगठा लावाचा. आमच्या आंगठ्याले मशीनच वळखत नाई. गावच्या दुकानात नाई झालं म्हणून तालुक्याले, मालेगावले जातो. दिवसभर रांगीत उभं राहाचं, लाल दिवा पाहाचा अन् वापस याचं. आखरी तारीख आली हाये. त्याच्या आत नाई झालं तर नाव उडते. लेकराईचं धान्य जाते, बापू. तुमच्या सोयाबीनसाठी आमी ते सोडाव काय?"

मी उठलो. चहा घेतला नव्हता. दारातल्या लिंबावरचा भोंगा नवाकोरा चकाकत होता, आणि त्याचं तोंड अगदी तिच्या उंबऱ्याकडे होतं.

मी काही हात जोडून बसणारा माणूस नाही. पंजाबातून आलेलं कापणीचं मोठं मशीन शिवारात फिरत होतं, त्याच्या मालकाला आणलं. तो नाल्यापर्यंत आला, माझ्या वावराकडे जाणारी पाऊलवाट पाहिली, मशीनच्या चाकांकडे पाहिलं आणि माझ्याशी न बोलता परत गेला. मग मी ठरवलं की आपलं पीक आपण सोंगू. रमेशच्या मायला म्हणालो, तू घरीच राहा. ती माझ्या आधी वावरात जाऊन उभी होती.

सोंगणीचं सुख कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही, कारण ते नसतंच. काड्या खरबड, शेंगेची लव मनगटापासून कोपरापर्यंत खाजते, कापलेला बुडखा चपलेतून तळव्यात घुसतो, ऊन मानेवर येऊन बसतं. तरुणपणी मी एका दमात पात काढत होतो. पंचाहत्तरी ओलांडल्यावर पात तेवढीच लांब राहते, दम तेवढा राहत नाही. थोडं सोंगलं की कंबर म्हणे, बस. मी बसे. बसल्या बसल्या रमेशच्या मायला देशाची परिस्थिती समजावून सांगे. तिची पात पुढे जात असे.

"आवो," ती लांबून म्हणाली, "इळा धरता का भाषन? दोन्ही एका हातात राहात नाई."

तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडे कापसासारखे ढग जमायला लागले. वावर सगळीकडून खुळखुळत होतं, आणि मधूनच एक वेगळा आवाज, अगदी बारीक, टच्. शेंग तडकल्याचा. वर्षभराची कमाई होती ती. बी माझं, खत माझं, रात्रंदिवस रानडुकरं मी हाकललेली. आणि ते माझ्या डोळ्यांसमोर दाणा दाणा करून मातीला जात होतं.

त्या संध्याकाळी मालेगावहून परतलेल्या बाया आमच्या धुऱ्यावरून चालल्या होत्या. लाल दिवा पाहून आलेले चेहरे. कांताबाई थांबली. वावर पाहिलं, आम्ही कापलेला तुकडा पाहिला. चार एकरांत तो तुकडा म्हणजे सतरंजीला पडलेलं भोक.

"हे इतलं कोणं केलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

रमेशच्या मायनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

कांताबाई धुऱ्यावर बसली. म्हणाली, "बापू, बाजारानं तुमचं जमत नाई, सरकारनं आमचं जमत नाई. इर्जिक करता का?"

इर्जिक हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. आमच्या लहानपणी एखाद्याचं काम अडलं की तो गावाला इर्जिकीला बोलवी. माणसं आपापली अवजारं घेऊन येत, दिवसभर राबत. मजुरीचं नाव काढायचं नाही. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, आपल्या हातानं वाढायचं, आणि सगळे उठेपर्यंत आपण घास घ्यायचा नाही. मग पुढं जो बोलावील त्याच्याकडे आपण जायचं. ट्रॅक्टर आले, रोजानं माणसं मिळायला लागली, आणि इर्जिक हळूहळू दिसेनाशी झाली. कोणी ती बंद केली नाही. नुसतं कोणी बोलावलं नाही.

"तुमच्याकडे वावर कोठी हाये?" मी विचारलं. "मी तुमच्या इर्जिकीले येऊन करू काय?"

"गळा घेऊन या," कांताबाई म्हणाली. "मालेगावले तो मशीनवाला आमचं आयकत नाई. नेट नाई, उद्या या, हात धुऊन या, आमी वापस येतो. तुमचा आवाज तर लिंबावरून बी आयकू येते. पयले आमची इर्जिक, मंग तुमची."

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. यात कोणी कोणाला फुकट काही देत नव्हतं. म्हणून हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत चढलो. कंडक्टरनं बायांची तिकिटं काढली, आणि नियमाप्रमाणे त्यांना अर्धं तिकीट. मग माझ्याकडे आला, आधार कार्ड पाहिलं आणि शून्याचं तिकीट फाडून हातात दिलं. मी पूर्ण तिकिटाचे पैसे पुढे केले. तो म्हणाला, "आजोबा, पंच्याहत्तरच्या वर घेता येत नाहीत." मी म्हणालो, मला पाहिजे. तो म्हणाला, मशीन देत नाही. मी म्हणालो, हे बरोबर नाही. तो म्हणाला, मागे माणसं उभी आहेत.

"पाय वो सुलोचना," कांताबाई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "आपलं निम्मं फुकट अन् बापूचं पूरं."

"हा वयाचा मान हाये," मी सांगितलं.

"हाव न. आमी कायले नाई मनतो? तुमचा मान, आमचं फुकट."

मालेगावपर्यंत ती गोष्ट पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंत आणि परत पुढे आली.

ते केंद्र म्हणजे एका गाळ्यात एक टेबल, एक पंखा, एक कॉम्प्युटर आणि त्यामागे चष्मा लावलेला एक पोक्त माणूस. बाहेर पत्र्याच्या सावलीत रांग. सावली सरकली की रांग सरकायची, कामानं नाही सरकायची. दुपारी बायांनी गाठोडी सोडली. भाकरी, ठेचा, तेलात परतलेली मेथी. पहिली भाकर माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणत होतो, तेव्हा सुलोचना म्हणाली, "इर्जिक आमची हाये, जेवन आमचंच." कायद्यात बसत होतं, म्हणून खाल्लं. दोन खाल्ल्या. ठेचा असा होता की त्या दिवशी अर्थव्यवस्थेबद्दल माझं काही म्हणणं राहिलं नाही.

नंबर आला. कांताबाईनं अंगठा ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. दुसरं बोट, तिसरं बोट. लाल. सुलोचना, लाल. चष्मेवाला म्हणाला, "बाई, बोटावर रेषाच नाहीत. मी काय करू? उद्या या."

आता माझं काम होतं. मी टेबलावर हात ठेवला आणि मोकळ्या आवाजात सुरुवात केली. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. मी विचारलं, रेषा नाहीत म्हणजे काय? माणूस आहे आणि बोट नाही असं असतं का? तुझं मशीनच खराब.

चष्मेवाल्याला मशीनचा अपमान सहन झाला नाही. "मशीन चांगलं आहे बाबा. तुम्हीच लावून पाहा," म्हणाला, आणि माझा हात धरून अंगठा काचेवर टेकवला.

टेकवला न टेकवला, हिरवा दिवा. वर टुणकन एक आवाज.

कांताबाई वाकली आणि माझा अंगठा धरून उजेडात नेला. एकेक रेषा होती, वळणदार, नव्या घोंगडीच्या विणीसारखी. मग तिनं स्वतःचा अंगठा शेजारी धरला. तो गुळगुळीत होता, मधून मधून चिरलेला. त्या वर्षी त्या हातांनी शिवारातलं लवकरचं सोयाबीन सगळं सोंगलं होतं.

"बापू," ती हळू म्हणाली, "तुमचा आंगठा लय जपून वापरेल दिसते."

बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी अंगठा मुठीत घेतला. माझी कातडी मुळातच चांगली आहे, आमच्या घराण्यात सगळ्यांची आहे. ते मी तिथं सांगितलं नाही, कारण सांगायची वेळ नव्हती. मी चष्मेवाल्याकडे वळलो. मला स्वतःलाच ठाऊक नसलेला एक आवाज माझ्या गळ्यातून आला. "आळशी बाईचा आंगठा असा राहाते काय? सांग! हे बोटं काम करू करू घासले. ज्यानं काम केलं त्याचंच नाव तुझं मशीन कापते, हा कोणता हिशोब? दुसरा काही उपाय हाये का नाई?"

तो घुटमळला. मग म्हणाला, डोळ्याचं मशीन आहे. पण ते अजून खोक्यातून काढलेलं नाही. नवं आहे. धूळ बसली तर? प्लास्टिकसुद्धा तसंच ठेवलं आहे.

मी खुर्ची ओढली आणि गाळ्याच्या दारात बसलो. दारात मी बसल्यावर आत हवा जात नाही. थोड्या वेळानं त्यानं कपाट उघडलं, खोकं काढलं, आणि ते प्लास्टिक इतक्या हळू सोललं जसं कोणी स्वतःची खपली काढतं. कांताबाईनं डोळा लावला. हिरवा. सुलोचना, हिरवा. दिवस कलेपर्यंत सगळी टोळी हिरवी झाली, आणि मागच्या रांगेतली अनोळखी माणसंसुद्धा. परतीच्या एसटीत मी मुकाट्यानं शून्याचं तिकीट घेतलं. घसा बसला होता.

त्यानंतरच्या सकाळी बाया वावरात उतरल्या. अजून आठवते ती ओळ. वीस-पंचवीस रंगांची लुगडी एका रेघेत वाकलेली, इळ्यांचा करकर आवाज एका तालात, मागे सपाट होत जाणारी काळी भुई. मी ओळीत पात धरली. कोणी म्हटलं नव्हतं. सुलोचना म्हणाली, "बापू, आंगठा सांभाळा," आणि मी तो सांभाळला नाही. उत्तमराव काठी घेऊन धुऱ्यावर हजर होता. त्याच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला आहे, म्हणून तो गंजीपाशी उभा राहून भारे घेऊन येणाऱ्यांना ओरडून सांगत होता, "चला, पुढं सरका, आत जागा हाये!"

रमेशच्या मायनं बांधाखाली गोवऱ्यांचा आर पेटवला होता. त्यात रोडगे भाजत होते. जाड्या कणकेचे ते गोळे वरून करपतात आणि फोडले की आतून वाफ येते. शेजारी वांग्याची भाजी, आणि हंडाभर वरण. आज पेपरात अर्थशास्त्रावरचे मोठमोठे लेख वाचतो तेव्हा वाटतं, या लोकांनी कधी गोवऱ्यांच्या धुरात उभं राहून भुकेल्या माणसांना वाढलेलं दिसत नाही. कोणाला किती पाहिजे ते तिथं ताटाकडे पाहून कळतं. त्याला समितीची गरज नसते.

शेवटचा भारा गंजीवर चढला तेव्हा पश्चिम काळी झाली होती. घरात होती नव्हती ती ताडपत्री आणून सगळ्यांनी मिळून गंजीवर ओढली, चारही बाजूंनी दगड ठेवले. मग पंगत बसली, उघड्या वावरात. मी वाढायला उभा राहिलो. पहिला रोडगा फोडून तूप सोडतो न सोडतो तोच टपोरे थेंब यायला लागले. मग थेंब नाही, सर.

कोणीतरी ताडपत्रीकडे पाहिलं. एवढी मोठी होती ती, पंगतीवर धरली असती तर सगळे कोरडे राहिले असते.

"हात लावजो नको कोणी," कांताबाई ओरडली. "सोयाबीन भिजन!" आणि पदर डोक्यावर ओढून ती जेवायला लागली. बाकीच्यांनीही पदर ओढले. ताटांत पाणी पडत होतं, करपलेला रोडगा मऊ होत होता, आणि एक बाई उठली नाही.

हंड्यावर परात धरून मी ओळीतून फिरत होतो. पाण्यानं माझ्या डोळ्यांवरही धारा लागल्या होत्या. उत्तमराव टोकाला बसला होता, टोपी उलटी करून ताटावर धरलेली.

"बापू," तो म्हणाला, "आज खरं सांगा. हे जे चालू हाये, हे भांडवलशाहीत बसते का सरकारी योजनेत?"

साऱ्या पंगतीनं माना वर केल्या.

"वरण घे लवकर," मी म्हणालो. "पातळ होऊन राह्यलं."